वैजनाथकाकांचं इंजिन गळत नाही

आमच्या सोसायटीत पिवळी रेघ नसलेला एक तरी नट शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. लिफ्टच्या दाराचे स्क्रू बघा, जिन्याच्या कठड्याचे बोल्ट बघा, पाण्याच्या मोटारीचं झाकण बघा, लहान मुलांच्या घसरगुंडीचे पाय बघा. प्रत्येकावर पिवळ्या मार्करची एक बारीक, सरळ रेघ आहे. अर्धी नटावर, अर्धी त्याच्या खालच्या पत्र्यावर. ही रेघ म्हणजे तीनशे दोन नंबरच्या वैजनाथ सूर्यवंशी यांची सही. नट जरा सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, आणि मग काका पाना घेऊन हजर होतात. आपल्याला कोणी बोलावलं आहे का, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत.

आमच्या कुकरच्या दांड्यावर रेघ आहे. माझ्या चष्म्यावरही आहे. एकदा जिन्यात बोलता बोलता त्यांनी चष्मा माझ्या नाकावरून उतरवला, काडीचा स्क्रू आवळला, खिशातून मार्कर काढून रेघ मारली आणि चष्मा पुन्हा नाकावर ठेवला. एवढं होईपर्यंत त्यांचं बोलणं थांबलेलं नव्हतं. मीही समोरच्या धूसर आकृतीला 'हो, हो' म्हणत राहिलो. चष्म्याला पिवळं काय लागलंय असं कंपनीत अजून विचारतात. मी सांगत बसत नाही.

काका मूळचे औसा तालुक्यातले. विशीत कामाच्या शोधात पिंपरीला आले, पुढे रहाटणीत घर केलं आणि पंचवीस वर्षं महाळुंग्याच्या एका इंजिनच्या कारखान्यात लाइनवर उभे राहिले. पंचवीस वर्षं जागा एक आणि काम एक. इंजिनचा खालचा लोखंडी ठोकळा, म्हणजे ब्लॉक, पट्ट्यावरून सरकत समोर यायचा. त्याच्यावर पातळ पत्र्याचं गास्केट ठेवायचं, गास्केटवर हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, ठेवायचं आणि दहा बोल्ट आवळायचे. की पुढचा ब्लॉक हजर. इंजिनात एका बाजूला इंधन पेटत असतं, शेजारून पाणी वाहत असतं आणि त्याच्या शेजारून तेल. या तिघांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही, हे गास्केटचं काम. आणि गास्केटला ते काम करायला लावणं, हे काकांचं.

हे बोल्ट आवळायची एक रीत असते. आधी मधले दोन, मग त्यांच्या बाजूचे, मग सगळ्यात कडेचे. तेही एका दमात नाही, तीन टप्प्यांत. टॉर्क रेंच नावाचा लांब पाना असतो. ठरलेला जोर लागला की तो 'कट्ट' असा आवाज करतो. हे सगळं कंपनीत शिकवतात. पण काका ते घरी घेऊन आले.

काका भाकरी मधून खायला सुरुवात करतात. गणपतीत मांडवात सतरंज्या घालायच्या झाल्या की पहिली सतरंजी बरोबर मध्यावर पडते आणि बाकीच्या तिच्या आजूबाजूला. मुलीच्या लग्नात स्टेजवर फोटोसाठी माणसं उभी करायचं काम त्यांनी फोटोग्राफरच्या हातून काढून घेतलं. "मधून कडेला, मधून कडेला," असं म्हणत एक डावीकडे, एक उजवीकडे अशी माणसं रचली. त्यात नवऱ्या मुलाचे वडील जिन्यातून उशिरा वर आले म्हणून पार कडेला गेले, आणि फोटोत अर्धे कापले गेले. ते व्याही अजून नीट बोलत नाहीत.

आणि कुठल्याही वादाचा शेवट म्हणजे, "कट्ट वाजलं, विषय संपला." हे त्यांनी एकदा म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं असतं. फक्त कमलकाकू बसत नाहीत. "तुमचं वाजलं आसंल," त्या शांतपणे म्हणतात, "माझं आवळायचं ऱ्हायलंय आजून."

मी चाकणकडच्याच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. माल परत आला की 'असं का झालं' हे पाच वेळा विचारायचं आणि फॉर्म भरायचा, हा माझा धंदा. म्हणून काका मला 'क्वालिटी' अशीच हाक मारतात. त्यांच्या तोंडी हा शब्द शिवीपासून फार लांब नसतो.

काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कंपनीने मशीन बसवलं. ते दहाही बोल्ट एकदम आवळतं. ही बातमी ऐकून काका दोन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. काका म्हणतात एकच दिवस. "एकदम दहा," ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "मग मधून कडेला जायचं कधी?" त्यानंतर महिनाभरात त्यांनी एक अठरा वर्षांची निळी गाडी घेतली. रंग उडालेली, एक दार आतून न उघडणारी. लोक हसले. पण काकांनी गाडी बघितलीच नव्हती, त्यांनी इंजिनचा नंबर बघितला होता. ते इंजिन त्यांच्या लाइनवरचं होतं. "हिचं हेड माझ्या हाताचं हाय," ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून सांगायचे. "अठरा वर्सं झाली. अजून थेंब गळला न्हाई."

तर त्या गाडीने गेल्या उन्हाळ्यात नाशिक फाट्याच्या पुलावर मान टाकली. बॉनेटमधून वाफ, उष्णतेच्या काट्याने लाल रेघ ओलांडलेली. मी शेजारी बसलो होतो. जवळच्या गॅरेजमधला एक जण आला, रेडिएटरमध्ये डोकावला आणि म्हणाला, "हेड गास्केट गेलंय काका. हेड उतरवावं लागंल."

"उतरवणार कोण?"

"आम्हीच की."

"किती हेडं बसवलीत आजपातुर?"

तो बिचारा विचार करून म्हणाला, "असतील की शंभरएक."

"मी एका शिफ्टला त्याच्यापेक्षा जास्त बसवत होतो," काका म्हणाले आणि बॉनेट धाडकन पाडलं. गाडी दोर बांधून टेम्पोमागे ओढत रहाटणीला आली. काका स्टिअरिंगवर ताठ बसलेले होते. लोक बघत होते, ते कोणाकडेच बघत नव्हते.

इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्येच उघडायचं ठरलं, म्हणजे काकांनी ठरवलं. मला उजेडासाठी बॅटरी धरायला उभं केलं. हेड उतरलं, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पाठ सपाट करून आलं, नवं गास्केट आलं, नवे बोल्ट आले. काकांनी ब्लॉकची वरची बाजू अशी पुसली की काकूंना तिच्यात बघून कुंकू लावता आलं असतं. मग मधून कडेला, तीन टप्प्यांत, दहा वेळा कट्ट. दहा पिवळ्या रेघा. इंजिन एका चावीत चालू झालं. काकूंनी नारळ फोडला आणि काका म्हणाले, "पंचवीस वर्सांत एक हेड गळलं न्हाई माझं. विषय संपला."

विषय पाच दिवसांनी पुन्हा सुरू झाला. रेडिएटरचं पाणी रोज कमी व्हायला लागलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला आणि त्याला गोडसर वास. झाकण उघडून इंजिन चालू केलं की पाण्यात बुडबुडे. ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही तोही सांगेल की पाणी आणि आग पुन्हा भेटली होती. बदललेलं गास्केट गळत होतं.

आता तपास सुरू झाला. पहिला आरोपी दुकानदार. त्याने नकली गास्केट दिलं, असा काकांचा दावा. त्याने बिचाऱ्याने सीलबंद पाकिटं उघडून दाखवली. दुसरा आरोपी भोसरीचा वर्कशॉपवाला. त्याच्या दारात काकांनी लोखंडी पट्टी हेडवर आडवी-उभी-तिरपी ठेवून खालून पातळ पातं घालून बघितलं. पातं कुठेच शिरलं नाही. तिसरा आरोपी रेडिएटरचं झाकण. ते बदललं. चौथा सोसायटीचं बोअरचं पाणी. पाचवा टॉर्क रेंच. तो माझ्या गळ्यात बांधून आमच्या कंपनीत तपासायला पाठवला. तो तंतोतंत बरोबर निघाला. याचं त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण ते जास्तच चिडले, कारण आता संशयितांत फक्त मी आणि देव उरलो होतो.

"बॅटरी धरताना तुमचा हात हालत होता," ते मला म्हणाले.

"काका, बॅटरीच्या उजेडाने गास्केट गळतं का?"

"तुम्ही क्वालिटीवाले. तुमचं काय सांगावं."

त्यांनी हेड पुन्हा उघडलं. पुन्हा नवं गास्केट, पुन्हा नवे बोल्ट, पुन्हा दहा वेळा कट्ट. या वेळी मी बॅटरी भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी धरली होती. तीन दिवसांत पुन्हा बुडबुडे.

आता सोसायटीचे अध्यक्ष करंदीकर यात उतरले. करंदीकर वाईट माणूस नाही. त्यांना फक्त फरशी स्वच्छ लागते, आणि फरशी हा एकच विषय असलेल्या माणसाशी बोलणं अवघड असतं. पार्किंगमध्येच प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभा भरली. करंदीकरांनी डागांचे फोटो मोबाइलवर फिरवले. "पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे," ते म्हणाले. "ही गाडी आता भंगारात द्यावी, अशी सर्वांच्या वतीने सूचना आहे." सर्वांच्या वतीने म्हणजे कोणाच्या वतीने, हे मी विचारलं. सूचनेच्या कागदावर मी सही केलेली नव्हती आणि करणारही नव्हतो. मी काही काकांचा भक्त नाही. पण स्वतःच्या घरातला नळ ज्याला बदलता येत नाही, त्याने हाताने काम करणाऱ्याला फरशीवरून बोलावं, हे मला तरी सोसत नाही.

काका उभे राहिले. बनियनवर शर्ट, शर्टावर ग्रीसचे पंजे. "अध्यक्षसाहेब, मी काय सांगायलोय ते लिहून घ्या. येत्या रविवारी धा वाजता ही गाडी सगळ्यांसमोर चालू करतो. एक तास चालू ठेवतो. एक थेंब पाणी कमी झालं तर भंगारवाल्याला मी स्वतः फोन लावतो. आन् परत ह्या सोसायटीत पान्याला हात लावणार न्हाई."

"आणि नाही झालं कमी, तर?" करंदीकरांनी विचारलं.

"तर काय? माझं इंजिन गळत नसतंयच."

सभा संपली. लोकांना गंमत वाटली असेल, मला नाही वाटली. गाडी गेली असती तर दुसरी घेता आली असती. पण पंचवीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला सगळ्यांच्या देखत तेच काम येत नाही असं ठरलं, तर त्याने नंतर काय करायचं? तीनशे दोनच्या गॅलरीत बसून रस्ता बघायचा? मला ते चित्र नको होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरलो तेव्हा हेड तिसऱ्यांदा उतरलेलं होतं. काका पालथ्या बादलीवर बसून ब्लॉककडे बघत होते. रेंच मांडीवर होता. मला बघून ते 'क्वालिटी' असंही म्हणाले नाहीत. मला एकदम भीती वाटली. मी डबा खाली ठेवला आणि आमच्या फॉर्मवर असतात तसे प्रश्न विचारायला लागलो. दुसरं मला काही येत नाही.

"काका, इथे लाइनपेक्षा वेगळं काय होतंय?"

"काय बी न्हाई. तोच हात, तीच रीत."

"लाइनवर तुम्ही बोल्ट टाकायच्या आधी काय व्हायचं?"

"काय व्हायचं? ब्लॉक यायचा."

"कुठून?"

"लाइनीवरच्या आधीच्या स्टेशनवरून. तिथं सोप्या होता."

"तो काय करायचा?"

"त्याचं कसलं आलंय काम. हातात हवेची बंदूक, दिवसभर नुसतं फुस्स फुस्स. आम्ही फुंक्या म्हणायचो त्याला."

"पण काय फुंकायचा?"

काकांनी रेंच मांडीवरून खाली ठेवला. मग ते हळूच उठले. काकूंच्या देवघरातली उदबत्तीची काडी घेऊन आले, आणि ती ब्लॉकमधल्या बोल्टच्या एका भोकात उभी सोडली. वर काढली तर बोटभर ओली. दुसऱ्या भोकात घातली. तीही ओली. दहाच्या दहा.

हे समजायला मेकॅनिक असावं लागत नाही. हेड उचललं की आतलं पाणी नि तेल सांडतं आणि बोल्टच्या खोल, बंद भोकांत जाऊन बसतं. वरची पाठ पुसली तरी ते तिथेच. वरून बोल्ट पिळला की तो खाली साचलेल्या पाण्यावर टेकतो. पाणी दबत नाही, त्याला पळायलाही वाट नसते. रेंचला वाटतं, बोल्ट आवळला. रेंच कट्ट म्हणतो. हेडवर मात्र निम्मासुद्धा दाब आलेला नसतो. रेंच खोटं बोलत नव्हता, पण त्याला जेवढं कळत होतं तेवढंच तो सांगत होता. रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याने आधी भोकं कोरडी केली असती. काकांनी केली नाहीत, कारण पंचवीस वर्षांत त्यांच्यासमोर ओलं भोक आलंच नव्हतं. लाइनवरचा ब्लॉकही धुऊनच यायचा, पण ओलं भोक पुढे जाऊ नये म्हणून त्यांच्या डाव्या हाताला एक माणूस उभा होता.

काका पुन्हा बादलीवर बसले आणि तुकड्या-तुकड्याने सांगायला लागले. सोपान गराडे. मावळातला, राहायला कासारवाडीत. पंचवीसही वर्षं शेजारच्या स्टेशनवर. डबा दोघं एकत्र खायचे. मग एका वर्षी कंपनीने बक्षीस दिलं. वर्षभरात या लाइनच्या एकाही इंजिनचं हेड गळलं नाही म्हणून काकांना स्टेजवर बोलावलं, शाल, ढाल, फोटो. माईक हातात दिला. काका म्हणाले, हा माझ्या हाताचा गुण आहे.

"तो खाली बसून टाळ्या वाजवत होता," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. मी म्हणलं, जळतंय लेकाचं. नंतर कधी बोललो न्हाई. आठ वर्सं शेजारी उभं राहून."

"त्यांनी काही म्हटलं नाही?"

"काय म्हणणार? तो फुंकतच होता की."

यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मी म्हटलं, चौकातल्या पंक्चरवाल्याकडून हवेचा पाइप आणू. काका नाही म्हणाले. त्यांनी काडीला कापूस गुंडाळून एकेक भोक टिपलं, आणि मग एक बारीक रबरी नळी घेतली, एक टोक भोकात, एक तोंडात. माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. आणि साठी ओलांडलेला हा माणूस इंजिनसमोर गुडघे टेकून फुंकायला लागला. पहिल्याच फुंकेला भोकाच्या तळाशी उरलेलं तांबूस पाणी उसळून थोबाडावर आलं. कपाळावर तेल, मिशीत तेल, चष्म्यावर तेल. मी हसलो. मला वाटलं ते खेकसतील. ते पुसून पुढच्या भोकाकडे वळले. फुंकायचे, कोरडी काडी घालायचे, बघायचे, परत फुंकायचे. काकू वरून चहा घेऊन आल्या, नवऱ्याचा अवतार बघितला आणि शेजारी पायरीवर बसल्या. दहा भोकांना दीड तास लागला.

"त्याला एका ब्लॉकला तीन मिनिटं मिळायची," काका शेवटी म्हणाले.

शनिवारी हेड बसलं. रविवारी दहाला सगळी सोसायटी खाली. करंदीकर घड्याळ बघत होते. काकांनी रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीवर पातळीला रेघ मारली, चावी फिरवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. एक तास म्हणजे किती वेळ असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाऊण तास झाला तेव्हा इंजिनच्या पंख्याने जोर धरला. करंदीकर स्वतः बॅटरी घेऊन वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. बुडबुडा नाही. धूर नाही. अकरा वाजता पाणी रेघेवरच होतं. करंदीकर सरळ होऊन म्हणाले, "गाडीचं झालं. पण डागांचं काय?"

"फरशी मी धुऊन देतो," काका म्हणाले. "मधून कडेला."

लोक हसले, पांगले. काकांनी शेजारचं दार उघडलं. "क्वालिटी, बसा."

मला वाटलं, विजयाची मिरवणूक निघणार. रहाटणीच्या चौकातून दोन फेऱ्या, हॉर्न वाजवत. पण गाडी पिंपळे सौदागर मागे टाकून नाशिक फाट्याकडे निघाली, ज्या गॅरेजवाल्याला ऐकवायला जातोय असं वाटलं त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली आणि कासारवाडीत स्टेशनजवळच्या एका अरुंद गल्लीत शिरली. दुतर्फा दुमजली घरं, दारांत कपडे वाळत घातलेले. काकांनी भाजीच्या गाडीपाशी गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

सोपान गराडे ओट्यावर बसून लसूण सोलत होते. बारीक चणीचा माणूस, टोपी, कानात काहीतरी. काकांना बघून हातातली पाकळी तशीच राहिली.

"वैजा, तू हितं?"

काका गाडीपाशीच उभे राहिले. मला माहीत असलेल्या वैजनाथकाकांना बोलायला कधी शब्द कमी पडले नव्हते. आता ते गाडीच्या आरशाकडे बघून पुटपुटल्यासारखे म्हणाले, "हिचं हेड गळालं होतं. दोनदा."

"काय म्हन्तो?" सोपानरावांनी कानामागे हात धरला. "ऐकू न्हाय आलं."

काका दोन पावलं पुढे झाले. "म्हणलं, हेड गळालं होतं माझं. भोकं फुंकली नव्हती मी."

"पुन्यांदा बोल. कान गेल्यात माजं."

समोरच्या घरातला मिक्सर बंद झाला. वरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. भाजीवाल्याने वजन करायचं थांबवलं. सोपानरावांच्या घरातून त्यांची बायको पदराला हात पुसत दारात आली. मग काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि लाइनवर मशिनांच्या आवाजावर आवाज काढायचे तसा काढला.

"सोपान गराडे, तू भोकं फुंकत होतास म्हणून माझं एक बी हेड गळलं न्हाई. ते बक्षीस तुझं होतं. मी स्टेजवर खोटं बोललो."

गाडीचं इंजिन मागे एका लयीत चालू होतं. सोपानरावांनी ते मान तिरपी करून ऐकलं. मग ओट्यावरचं लसणाचं ताट बाजूला सारून जागा केली.

चहा आला. दोघं शेजारी शेजारी बसले होते, काका उजव्या हाताला. मग काकांनी अगदी हळू, बशीत बघत विचारलं, "कान कधी गेले?"

"कंपनीतच," सोपानराव म्हणाले. "हवेचा आवाज आठ तास. बोळं देत हुते की कानात घालाया. पर घातलं की तुजी बडबड ऐकू येत नव्हती. मंग खिशातच ठिवायचो."

काकांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

"त्या बक्षिसापास्नं घालाया लागलो," सोपानराव म्हणाले, "पर तवर व्हायचं ते झालंतं."

काकांनी बशी खाली ठेवली. मी भाजीच्या गाडीकडे बघत बसलो. निघताना सोपानराव गाडीपर्यंत आले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "चांगली वाजतीया." पुढच्या रविवारी डबा घेऊन येतो, असं काका म्हणाले.

गल्लीतून बाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. "काका," मी म्हटलं, "तुम्ही हळू विचारलंत ते त्यांना नीट ऐकू आलं. कानात ऐकायचं मशीन आहे त्यांच्या. पहिल्या वेळेलाच सगळं ऐकू आलं असणार."

"मला दिसलं होतं की मशीन," काका म्हणाले. "गाडीतनं उतरतानाच."

"मग एवढं ओरडलात कशाला?"

काकांनी गियर बदलला.

"त्याला कुठं सांगत होतो," ते म्हणाले. "त्याच्या गल्लीला सांगत होतो."